धरणाच्या पायथ्याची वीज कोणाची?

भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाची मोरी उघडली की पाणी खालच्या गोलसर कातळावरून चौफेर पसरत कोसळतं. ‘अम्ब्रेला फॉल’ म्हणून ते ठिकाण प्रसिद्ध आहे आणि पावसाळ्यात पुण्या-मुंबईहून गाड्या भरून माणसं ते बघायला येतात. दृश्य सुंदर आहेच. पण बहुतेक धरणांखाली पाण्याचा हा जोर अभियंत्यांच्या डोक्याला ताप असतो. मोरीतून सुटलेलं पाणी तसंच मोकळं सोडलं तर ते धरणाचा पायथाच उकरून काढेल. म्हणून खाली काँक्रीटचं शमनकुंड बांधतात, त्यात मोठमोठे ठोकळे उभे करतात, पाणी त्यांवर आपटून थकवतात आणि मग कालव्यात सोडतात. गावं उठवून, कोट्यवधी रुपये ओतून पाण्याला जी उंची मिळवून दिली, ती उंची आणखी पैसे खर्चून आपण मारून टाकतो. हाच जोर टर्बाइनवर घेतला तर वीज मिळते आणि पाणी जेवढं होतं तेवढंच पुढे कालव्यात पडतं. शेतकऱ्याच्या वाट्याचा एक थेंबही कमी होत नाही.

महाराष्ट्रात मोठी धरणं दोन हजारांहून अधिक आहेत, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांतल्या काहींच्या पायथ्याशी वीजघरं आहेतही: पानशेत, वरसगाव, भाटघर, वीर, उजनी, राधानगरी, येलदरी, पैठण. 25 मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पांना आपल्याकडे लघुजलविद्युत म्हणतात. अशा विजेची राज्यातली क्षमता साडेसातशे मेगावॅटच्या आसपास मानली जाते आणि आजवर त्यातली जेमतेम निम्मी हाती आली आहे. बरीच वीजघरं जलसंपदा विभागाने बांधली आणि चालवायला महानिर्मितीकडे दिली. 2005 साली सरकारने धोरण आणून खाजगी विकासकांना दार उघडलं. बांधा, वापरा आणि मुदत संपल्यावर परत करा, असा तो मामला.

म्हणजे धरणाच्या पायथ्याच्या विजेला आजवर दोनच मालक मिळाले, सरकार किंवा कंपनी. तिसरा मालक असू शकतो आणि या विजेवर पहिला हक्क त्याचाच असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. हा तिसरा म्हणजे त्या धरणाच्या पाण्याशी बांधलेली माणसं: ज्यांची जमीन बुडाली ती, आणि ज्यांच्या शेताला पाट आला ती. त्यांची मिळून एक संस्था, तिचंच वीजघर आणि तिचाच वापर.

आधी आकडे बघू. समजा, एखाद्या मध्यम धरणाच्या मोरीतून कालव्याला साडेतीनशे क्युसेक पाणी सुटतंय. सेकंदाला साधारण दहा घनमीटर. धरणातली पातळी आणि कालव्याची पातळी यांत 20 मीटरचं अंतर आहे. यंत्रातली घट धरूनही 1.6 मेगावॅट वीज हाती लागते. पाच अश्वशक्तीच्या चारशे मोटारी एकाच वेळी चालतील एवढी. रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, मिळून वर्षात 120 दिवस पाणी सुटलं तर सुमारे 46 लाख युनिट होतात. युनिटला पाच रुपये धरले तर सव्वादोन कोटींच्या पुढची रक्कम. मेगावॅटमागे आठ-दहा कोटी भांडवल लागेल असं धरलं तर व्याज बाजूला ठेवून सहा-सात वर्षांत पैसे फिटतात, आणि यंत्रं नीट सांभाळली तर पुढे कितीतरी वर्षं चालतात. अर्थात धरण भरलेलं असताना उंची जास्त आणि मे महिन्यात कमी असते, दुष्काळी वर्षी आवर्तनच होत नाही. खरा ताळेबंद या हिशेबापेक्षा ओबडधोबड असणार. तरीही ही रक्कम आठ-दहा गावांच्या दृष्टीने मोठी आहे. राज्याच्या विजेच्या मागणीपुढे ती नगण्य ठरते, आणि मुंबईत बसून बघणाऱ्याला असे प्रकल्प किरकोळ वाटतात ते त्यामुळेच.

इतिहासात गेलं तर वीज आणि धरण यांच्या नात्याची आपल्याकडची सुरुवातच अन्यायाने झाली आहे. 1921 च्या एप्रिलमध्ये मुळशी पेट्यातले मावळे ‘जान किंवा जमीन’ म्हणत टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. धरण झालंच. वीज घाट उतरून मुंबईला गेली आणि मावळातल्या लोकांच्या वाट्याला पाण्याचा काठ आला. कोयनेला तेच घडलं, आणि तेही राज्यात पुनर्वसनाचा कायदा येण्याच्या किती तरी आधी. तो कायदा झाला 1976 साली. नंतरच्या कायद्यांनी जमिनीला जमीन आणि नागरी सुविधा कागदावर तरी आणल्या. पण धरणातून पुढे वर्षानुवर्षं जे उत्पन्न निघतं, त्यात विस्थापिताचा कायमचा वाटा असावा हा विचार आपल्या व्यवस्थेत रुजलाच नाही. भरपाई एकदाच द्यायची आणि उत्पन्न कायम घ्यायचं, ही पद्धत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की तिच्यातला अन्याय आता कोणाला खटकतही नाही.

‘लोकांच्या मालकीची वीज’ म्हटलं की जाणकार माणूस लगेच बुडालेल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचं नाव घेतो. तो प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण याच अनुभवात माझ्या म्हणण्याचा गाभा आहे.

1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात पाच ठिकाणी प्रयोग करायचं ठरलं. तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडीनार, कर्नाटकात हुक्केरी, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. श्रीरामपूरला कार्यालय, आणि कार्यक्षेत्र श्रीरामपूर, राहाता, राहुरीच्या पट्ट्यातली गावं. जागा अगदी विचारपूर्वक निवडलेली होती. याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करून दाखवला होता. सहकार तिथल्या माणसांना शिकवावा लागणार नव्हता. संस्थेने खांब रोवले, तारा ओढल्या, विहिरींवर मोटारी बसवल्या. चाळीस वर्षं ती वीज वाटत होती. 31 जानेवारी 2011 ला तिचा परवाना संपला, दुसऱ्या दिवसापासून महावितरणने ताबा घेतला. तोवर थकबाकीचा आकडा दोन हजार कोटींपलीकडे गेला होता. वाद पुढे कोर्टकचेऱ्यांत चालू राहिला.

या प्रकरणातून ‘सहकाराला वीज झेपत नाही’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला तो मान्य नाही. कारभारात दोष नव्हते असं मी म्हणत नाही. वसुली ढिली होती, गळती होती, राजकारणही होतं. पण संस्थेची रचना बघा. तारा तिच्या, ग्राहक तिचे, थकबाकी तिची, लोकांच्या शिव्याही तिच्याच. वीज मात्र एका युनिटचीसुद्धा तिची नव्हती. ती राज्याच्या वीज मंडळाकडून ठोक भावाने विकत घ्यायची आणि बहुतांश शेतीपंपांना विकायची. पंपांचे दर सरकारच्या धोरणाने बांधलेले, बरेचसे पंप मीटरविना. मंडळाकडे तोटा भरून काढायला शहरं होती, कारखाने होते. हिच्याकडे ऊस आणि विहिरी. घ्यायचा भाव तिच्या हातात नाही, द्यायचाही नाही, अशा व्यवहारात उत्तम व्यवस्थापकसुद्धा बुडाला असता.

आणि वर, त्याच प्रवरेवर, भंडारदऱ्याच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचं वीजघर उभं राहिलं. पुढे कोदणीजवळ 34 मेगावॅटचं दुसरं झालं. पायथ्याचं वीजघर नंतर नूतनीकरण करून चालवण्यासाठी दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर खाजगी कंपनीला दिलं गेलं. ज्या पाण्यावर ती वीज तयार होत होती, तेच पाणी पुढे मुळा-प्रवरेच्या सभासदांच्या उसाला येत होतं. नदी एकच, पाणी तेच, खाली लोकांची वीज संस्था अस्तित्वात. आणि तरीही हे वीजघर त्या संस्थेला चालवायला द्यावं, असा निर्णय झाला नाही. ती वीज संस्थेला मिळाली असती तर सगळा प्रश्न सुटला असता का? नाही. 46 मेगावॅट, तेही पाणी सुटेल तेव्हा. संस्थेची गरज याहून कितीतरी मोठी होती. पण हक्काचं उत्पन्न असलेली संस्था आणि फक्त देणी असलेली संस्था यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बँक पहिलीला निदान दारात तरी उभं करते.

बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीची गोष्ट इथे सांगायला हवी. पाच प्रयोगांपैकी ती संस्था आजही वीज वाटते आहे. तेलंगणातली सिरसिल्लाचीही जिवंत आहे. म्हणजे प्रयोगच मुळात फसवा होता असं कोणी म्हणू नये. पण हुक्केरी तालुक्यातच घटप्रभेवर हिडकलचं धरण आहे, त्याच्या पायथ्याशी 32 मेगावॅटचं वीजघर आहे, आणि ते राज्याच्या वीज महामंडळाचं आहे. तिथेही तेच झालं, वाटपाची कटकट लोकांकडे आणि निर्मिती दुसऱ्याकडे. पाचांपैकी दोन संस्थांच्या शेजारी धरण होतं, वीजघर होतं, आणि दोन्हीकडे दोघांची गाठ घालून दिली गेली नाही. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. लोकांनी वापरावं, भरावं, रांगेत उभं राहावं इथपर्यंत आपल्या व्यवस्थेला चालतं. लोकांनी निर्माण करावं, कमवावं हे तिच्या गळी उतरत नाही.

म्हणून नव्या संस्थेने वाटपात पडूच नये. गावोगावच्या तारा, डीपी, वसुली, आकडे टाकणारे, हे सगळं महावितरणकडेच राहू द्यावं. संस्थेने वीज तयार करावी आणि सभासदांच्या मोठ्या वापरासाठी वापरावी.

हा मोठा वापर कुठला, हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला विचारा. तिथे नदीकाठाने सहकारी उपसा सिंचन संस्थांची रांग आहे. पंचगंगा, भोगावती, वारणा, कृष्णा. नदीतलं पाणी शेकडो अश्वशक्तीच्या पंपांनी उचलायचं आणि माळावर न्यायचं. या संस्थांच्या वार्षिक सभेला गेलात तर पहिला आणि शेवटचा विषय वीजबिलाचा असतो. ताकारी, म्हैसाळ, टेंभूसारख्या सरकारी योजनांत बिलाचा 81 टक्के भार सरकार उचलतं, 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचा, आणि त्यासाठी किती आंदोलनं झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट बघा. राधानगरीतून सुटलेलं पाणी उंचावरून खाली येतं तेव्हा त्याची वीज होते, ती दुसऱ्याच्या खात्यावर जाते. तेच पाणी खाली नदीत आल्यावर पुन्हा वर चढवायला शेतकऱ्यांची संस्था विकतची वीज लावते. उतरण्याची कमाई एकाकडे, चढवण्याचं बिल दुसऱ्याकडे. शाहू महाराजांनी ज्या हेतूने ते धरण हाती घेतलं, त्या हेतूशी हे जुळतं का, याचा विचार कोल्हापूरकरांनी करावा.

कायद्याची अडचण असेल असं वाटतं, पण तशी ती नाही. 2003 चा वीज कायदा बंदिस्त वीज प्रकल्पाची, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीच्या प्रकल्पाची, व्याख्या करतानाच सहकारी संस्थेचं नाव घेतो. सभासदांच्या वापरासाठी सहकारी संस्थेने उभारलेला प्रकल्प त्यात स्पष्टपणे मोडतो. अशा प्रकल्पाला स्वतःची वीज वाहून न्यायला तारा वापरण्याचा हक्क कायद्याने आहे. 2022 च्या हरित ऊर्जेच्या केंद्रीय नियमांनी तर लहान ग्राहकालाही हे दार उघडलं. पंतप्रधान कुसुम योजनेचा पहिला भाग वाचा. पडीक जमिनीवर दोन मेगावॅटपर्यंतचा सौर प्रकल्प कोण उभारू शकतं? शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती आणि पाणी वापर संस्था. पाणी वापर संस्थेने उन्हापासून वीज केलेली सरकारला चालते. मग ज्या पाण्यासाठी ती संस्था स्थापन झाली, त्या पाण्यापासून का चालू नये? या प्रश्नाचं सरळ उत्तर मला कुठल्याही धोरणात सापडलेलं नाही.

आणि या संस्थांना पाण्याचा कारभार झेपतो, हे नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिलं आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या दशकात तिथे पाणी वापर संस्थांचं काम उभं केलं. पुढे पूर्ण लाभक्षेत्राचा कारभार 24 संस्थांच्या महासंघाकडे आला. पाणी मोजून घ्यायचं, आपसात वाटायचं, पट्टी गोळा करायची, शेपटाकडच्या शेतकऱ्याला आधी द्यायचं. जिथे चारीच्या फुटीवरून डोकी फुटत होती तिथे हे घडलं. त्यांच्यासारख्यांच्या अनुभवातून 2005 साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. ज्यांना क्युसेक, दलघमी, आवर्तन, कोटा या शब्दांत रोजचा व्यवहार करता येतो, त्यांना मीटरवरचे युनिट वाचता येणार नाहीत असं मानणं हा त्यांचा अपमान आहे. यंत्र चालवायला तंत्रज्ञ लागतील, ते नेमता येतात. साखर कारखान्यांनी नेमलेच की. आज किती तरी सहकारी कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात आणि महावितरणला विकतात. उच्च दाबाचा बॉयलर चालवणं हे टर्बाइन चालवण्यापेक्षा सोपं काम नाही.

आता खरा अवघड प्रश्न. लोक म्हणजे नेमके कोण?

भंडारदऱ्याचंच घ्या. जलाशयाच्या काठची गावं अकोले तालुक्यातली, बरीचशी महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर साठतं. त्याचा मोठा लाभ खाली सत्तर-ऐंशी किलोमीटरवर ऊसपट्ट्यात होतो. उद्या ‘लोकांचं वीजघर’ म्हणून लाभक्षेत्रातल्या बागायतदारांची संस्था पायथ्याशी येऊन बसली, तर वरच्या माणसाच्या दृष्टीने काय बदललं? कंपनी गेली, बागायतदार आला. एवढ्याने माझं समाधान होणार नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून जमीन घेतली आणि त्या बदल्यात वारसांना काहीच उरलं नाही, त्यांना या उत्पन्नात वाटा नसेल तर ‘सामुदायिक’ म्हणण्याला अर्थ नाही.

नेपाळने हा प्रश्न आपल्यापेक्षा प्रामाणिकपणे हाताळला आहे. रसुवा जिल्ह्यातल्या 22 मेगावॅटच्या चिलिमे प्रकल्पात 10 टक्के शेअर स्थानिक रहिवाशांसाठी राखले. नंतर 456 मेगावॅटच्या अप्पर तामाकोशीत दोलखा जिल्ह्यातल्या लोकांना तसाच वाटा मिळाला. त्यातही तक्रारी आहेत. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याला शेअर घेता आला नाही, काहींनी घेऊन लगेच विकले. म्हणून मी शेअर विकत द्या असं म्हणत नाही. बुडीत गावांच्या ग्रामसभांना संस्थेत विनामोल, न विकता येणारा हिस्सा हवा आणि संचालक मंडळात राखीव जागा हव्यात. जमीन त्यांनी आधीच दिली आहे, तेच त्यांचं भागभांडवल. आपल्याकडे 2008 च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने मोठ्या प्रकल्पांत यजमान राज्याला 12 टक्के मोफत वीज आणि वर एक टक्का स्थानिक विकास निधीसाठी ठेवला. राज्याला बारा आणि स्थानिकांना एक! आणि तो एकही राज्यामार्फत. हे प्रमाणच उलटं करून बघायला हवं.

असं वीजघर लोकांच्या मालकीचं होऊ शकतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेत ओहायो नदीवर आहे. बोटी चालाव्यात म्हणून तिथल्या लष्करी अभियंत्यांनी नदीवर बंधारे बांधले होते. पाणी सहा ते नऊ मीटर उंचीवरून नुसतं पडत होतं. लहान-लहान शहरांच्या नगरपालिका तिथे स्वतःची वीज वितरण खाती चालवतात. अशा सव्वाशेहून अधिक पालिकांनी मिळून एक ना-नफा संस्था केली आहे, अमेरिकन म्युनिसिपल पॉवर. तिने मेल्डाल, कॅनलटन, स्मिथलँड आणि विलो आयलंड या चार जुन्या बंधाऱ्यांवर 2016-17 च्या सुमारास वीजघरं सुरू केली. चारही मिळून 313 मेगावॅट. मेल्डालच्या 105 मेगावॅटमध्ये हॅमिल्टन नावाचं साठेक हजार वस्तीचं गाव बरोबरीने उभं राहिलं. नवं धरण नाही, नवी बुडीत जमीन नाही. पण कौतुकाबरोबर दुसरी बाजूही सांगायला हवी. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला, कर्जरोख्यांचे हप्ते पुढची कित्येक वर्षं त्या गावांच्या बिलांतून फिटणार आहेत, आणि बाजारात वीज स्वस्त झाली की गावकरी विचारतात, आपण हे कशाला अंगावर घेतलं? जलविद्युत अशीच असते. सुरुवातीची वर्षं जड जातात, फायदा नातवंडांना होतो. म्हणून सवलतीचं आणि लांब मुदतीचं कर्ज मिळाल्याशिवाय आपल्या संस्थांनी यात उडी घेऊ नये, असंच मी सांगेन. नाबार्डने उपसा सिंचनाला जसा हात दिला तसा इथे दिला पाहिजे, आणि निविदेआधीच मोठी रक्कम मोजायला लावणारी अट सामुदायिक संस्थांना लागू करू नये. ज्याच्याकडे आधीच भांडवल आहे त्यालाच त्या अटीतून आत जाता येतं.

एक आक्षेप मला वारंवार ऐकू येतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून सरकार मोफत वीज देतं आहे, आता शेतकरी स्वतःच्या विजेसाठी का धडपडेल? पहिली गोष्ट, उपसा संस्थांचे पंप साडेसात अश्वशक्तीचे नसतात. दुसरी, मोफत म्हणजे कोणी तरी दुसरा भरतो आहे. तिजोरी आटली की योजना आटते. आणि तिसरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: शेतकऱ्याचं दुःख बिलापेक्षा वेळेचं आहे. जुन्नर, अकोले, राहुरीत रात्री दोनला लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्या माणसाला उसात बिबट्या भेटतो. सौर योजनांमुळे दिवसाची वीज वाढते आहे, ते चांगलंच आहे. ढगाळ दिवशी, तिन्हीसांजेला, पहाटे पाणी कामाला येतं. आवर्तन सुरू असताना कालव्याचं पाणी अहोरात्र वाहत असतं, सूर्य मावळला म्हणून थांबत नाही.

मात्र एका बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. आवर्तन कधी सुटायचं हे पिकाने ठरवावं, विजेच्या दराने नाही. वीजघराचा मालक शेतकऱ्यांची संस्था असली तरी संध्याकाळी दर चढा मिळतो म्हणून पाणी अडवून ठेवण्याचा मोह तिलाही होईल. करारातच लिहिलं पाहिजे की कालवा सल्लागार समितीने ठरवलेल्या वेळापत्रकात वीजघराला बोट घालता येणार नाही, आणि नदीत किमान प्रवाह कायम राहील. प्रवरेवरचा रंध्याचा धबधबा वीजघराकडे पाणी वळल्यापासून पावसाळ्यापुरताच उरला, ही हळहळ अकोल्यात आजही ऐकायला मिळते. नव्या ठिकाणी तरी तसं होऊ नये.

संस्था पुढाऱ्यांच्या घशात जाईल, ही भीतीही खरी आहे. सहकारी बँका, कारखाने, दूध संघ यांचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. यावर रामबाण इलाज माझ्याकडे नाही. पण धरणाच्या वीजघराचा हिशेब लपवायला कठीण असतो, हे लक्षात घ्या. किती पाणी सुटलं ते जलसंपदाच्या नोंदीत असतं, किती वीज गेली ते महावितरणच्या मीटरवर असतं. दोन आकड्यांचा मेळ शाळेतलं पोरही घालू शकतं. हे दोन आकडे दर महिन्याला प्रत्येक सभासद गावाच्या चावडीवर लागले पाहिजेत. उसाचा उतारा आणि साखरेची पोती यांत जेवढी लपवालपवी करता येते तेवढी इथे करता येत नाही.

सुरुवात कुठून करायची? जिथे पाणी वापर संस्थांचा महासंघ आधीपासून उभा आहे, धरणाची मोरी मोठी आहे आणि अजून वीजघर नाही, अशी दोन-तीन धरणं सरकारने निवडावीत. जलसंपदा विभागाने त्यांच्या विसर्गाच्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी महासंघाला द्याव्यात. त्या नोंदींवरूनच प्रकल्प परवडतो की नाही हे ठरतं, आणि आज त्या मिळवायला शेतकऱ्याला माहितीच्या अधिकारात अर्ज करत बसावं लागतं.

दुसरं काम जास्त तातडीचं आहे. खाजगी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर दिलेल्या वीजघरांच्या मुदती 2030 नंतर एकेक करून संपू लागतील. भांडवल फिटलेलं, यंत्रं चालू स्थितीत, वीज वाहून न्यायची तार आधीच टाकलेली. सामुदायिक संस्थेला यापेक्षा सोपी सुरुवात मिळणार नाही. मुदतवाढीचे प्रस्ताव तेव्हा फायलीतून गुपचूप सरकतील. त्याआधी, आजच, सरकारने जाहीर करावं की पट्टा संपलेल्या प्रत्येक वीजघरासाठी आधी त्या धरणाच्या बुडीत गावांनी आणि पाणी वापर संस्थांनी मिळून केलेल्या संस्थेला विचारलं जाईल, आणि तिने लेखी नकार दिला तरच निविदा निघेल. गावांनीही वाट बघत बसू नये. करार माहितीच्या अधिकारात मागवावा, मुदत कधी संपते ते पाहावं, वरच्या आणि खालच्या गावांची पहिली एकत्र बैठक बोलवावी आणि संस्थेच्या नोंदणीचा अर्ज टाकावा. उपविधी लिहायला, भांडायला आणि पुन्हा एकत्र बसायला चार-पाच वर्षं सहज जातात.